हळदीच्या गावात हवा गाळताना

हिंगोलीत मी पहिल्यांदा एका घराला सेंट्रल एसी बसवला, तेव्हा शेजारपाजारचे लोक मशीन बघायला आले आणि मशीन न बघताच परत गेले. त्यांना खिडकीत अडकवलेला, घरघरणारा, खाली पाणी गाळणारा डबा बघायचा होता. इथं छतात नुसत्या पांढऱ्या झडपा होत्या आणि त्यांतून गार हवा येत होती. एक आजोबा जाता जाता मला म्हणाले, "एवढे पैसे घेतले, अन् दाखवायला काहीच न्हाई ठेवलं." ते वाक्य मी पुढं बरीच वर्षं नव्या गिऱ्हाइकांना सांगत आलो. आमचं काम दिसलं नाही तरच ते नीट झालं असं समजायचं.

मी कळमनुरी तालुक्यातला. नांदेडला आयटीआय केलं, मग हैदराबादेत एका ठेकेदाराकडं दवाखान्यांची, हॉटेलांची आणि सिनेमा थेटरांची एसीची कामं केली. नव्वदच्या दशकात वडील थकले म्हणून परत आलो आणि हिंगोलीत स्टेशन रोडला दुकान टाकलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि फोटोखाली पाना-पकडी मांडल्या. लोक विचारायचे, हैदराबाद सोडून इथं एसी कुणाला विकणार? मी म्हणायचो, कूलरच्या गवतापासून सुरुवात करीन. तशीच केली. पुढं जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, व्यापाऱ्यांनी दुमजली बंगले बांधले, त्यांत पीओपीची छतं आली. त्या छतांत माझं पोट होतं.

सेंट्रल एसीबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. त्यांना वाटतं, मशीन बाहेरची हवा ओढून गार करून आत सोडतं. तसं नाही. घरातलीच हवा फिरत राहते. पॅसेजच्या छतात एक मोठं तोंड असतं, ते खोल्यांतली हवा ओढतं. आतल्या गार नळ्यांवरून ती हवा जाते आणि पंखा तिला पत्र्याच्या बोगद्यांतून परत खोल्यांत ढकलतो. त्या मोठ्या तोंडाशी फिल्टर बसतो. आमच्याकडं त्याला सगळे जाळीच म्हणतात.

जाळी निवडणं हा या धंद्यातला सगळ्यात कमी मानाचा आणि सगळ्यात जास्त अकलेचा भाग. नायलॉनची साधी जाळी केस, कापूस, चिलटं अडवते, धुऊन परत लावता येते. ती मशीनला जपते, माणसाला नाही. दुसरी घड्या घातलेली, जाड कागदासारख्या कापडाची. ती बारीक धूळ धरते, भरली की फेकायची. तिसरी ऑपरेशन थिएटरला लावतात ती. ती जवळजवळ काहीच आत जाऊ देत नाही, आणि तीच तिची अडचण, कारण हवासुद्धा तिच्यातून सुखासुखी जात नाही. मागं दणकट पंखा लागतो. घरच्या मशीनचा पंखा तेवढ्या ताकदीचा नसतो.

आमच्या गावातल्या एका डॉक्टरांनी घराला थिएटरवालीच जाळी मागितली होती. मी अडचण सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे नाकाला गोधडी बांधून डोंगर चढायला लावल्यासारखं." याहून चांगलं मला कधी सांगता आलं नसतं. तो दाखला मी त्यांच्याकडून कायमचा उचलला. याच्या अगदी उलट एक ठेकेदार भेटला होता. जाळी काढून टाकली की गार जास्त येतं, हा त्याचा शोध. महिनाभर येतंही. नंतर मी मशीन उघडलं तर नळ्या शेणानं सारवल्यासारख्या दिसत होत्या.

आता ज्या घरासाठी हे सगळं लिहायला बसलो, त्या घराकडं येतो.

गफूरशेठ हळदीचे व्यापारी. मोंढ्याच्या मागच्या अंगाला त्यांचा बंगला, बंगल्याला लागून गोदाम आणि गोदामाच्या बाजूला पॉलिशचा ड्रम. उकडून वाळवलेली हळद काळपट, खरखरीत असते. ती जाळीच्या लोखंडी पिंपात घालून पिंप फिरवलं की साल घासून निघते आणि आतला पिवळा रंग वर येतो. बरेच शेतकरी हे गावातच करून आणतात. गफूरशेठ मात्र कच्चा माल घ्यायचे आणि स्वतःच्या देखरेखीखाली पॉलिश करायचे. निघालेली साल धूळ होऊन उडायची. हंगामात त्या गल्लीतल्या तारांवर बसलेल्या चिमण्यासुद्धा पिवळ्या दिसायच्या.

त्यांची बायको सगळ्या गल्लीची बडी अम्मा. डोंगरकडा गावाकडच्या शेतकरी घरातली, त्यामुळं मराठी आमच्यासारखीच बोलायची. मुलगा आरिफ धंद्यात होता. त्याचं लग्न औरंगाबादच्या नसरीनशी झालं होतं. ती बी.एस्सी. झालेली, शांत, नेमकं बोलणारी. लग्नानंतर पहिल्याच हंगामात तिला दम लागायला लागला. घरचे वाईट नव्हते. काढे दिले, वाफ दिली, नांदेडला छातीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा धुळीचा त्रास आहे, धुळीपासून लांब राहा. गल्लीत मात्र बायका म्हणायच्या, शहरातली पोरगी आहे, नवऱ्याला औरंगाबादला ओढायचा बहाणा आहे.

नसरीन बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली, सना नाव ठेवलं. बाळ रांगायला लागलं तरी ती परतली नव्हती. तिनं आरिफला सांगितलं होतं की मी यायला तयार आहे, पण लेकराला त्या धुळीत घेऊन येणार नाही. धंदा सोडणं गफूरशेठला शक्य नव्हतं. बापाला सोडणं आरिफला जमत नव्हतं. तेव्हा आरिफनं हैदराबादेत एका नातेवाइकाच्या घरी पाहिलेला एसी मनात धरला आणि मला बोलावलं.

पहिल्या बैठकीत गफूरशेठ म्हणाले की सगळ्यात भारी जाळी लावा, खर्चाकडं बघू नका. मी त्यांना डॉक्टरांची गोधडी ऐकवली. बडी अम्मा चहा घेऊन आली, तोंडाला ओढणीचा पदर लावून दाराशी उभी राहिली. ती नेहमीच तशी उभी राहायची. तिनं एवढंच विचारलं की लेकरू जमिनीवर रांगेल, तर हवा खालपर्यंत साफ होईल का. मी होईल म्हणालो, पण दारं बंद ठेवावी लागतील.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. औरंगाबादहून नसरीन बोलत होती. तिला मशीनची किंमत किंवा कंपनी विचारायची नव्हती. कुठली जाळी लावणार, किती दिवसांनी बदलायची, आणि लाइट गेली की काय होणार, हे तीन प्रश्न तिनं विचारले. तोवर एवढी वर्षं काम केलं होतं, पण तिसरा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ते दिवस भारनियमनाचे होते. लाइट यायची पाहुण्यासारखी. मी खरं ते सांगितलं की लाइट गेली की पंखा थांबणार, पंखा थांबला की जाळीतून हवा जाणार नाही.

ती म्हणाली, "मग उकाडा चालेल मला. गार नको. फक्त हवा गाळत राहील असं काही करता येतं का?"

त्या प्रश्नानं मला रस्ता दाखवला. थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरला भरपूर वीज लागते, पण आतल्या पंख्याला थोडी पुरते. लाइट गेल्यावर नुसता पंखा इन्व्हर्टरवर चालवायचा. घर गार होणार नाही, पण हवा जाळीतून फिरत राहील. पुढं ही जोडणी मी कितीतरी घरांत केली. ती कल्पना नसरीनची होती, हे प्रत्येक ठिकाणी सांगितलं.

जाळी मी मधली निवडली, घड्यांची. पण हळदीची धूळ एवढी की ती लवकर भरणार, आणि भरली की मशीन गुदमरणार. त्यावर उपाय काढला रज्जाकभाईंनी. ते माझे पत्र्याचे कारागीर. आयुष्यभर धान्याच्या कोठ्या आणि गिरण्यांची कामं केलेली. माझा कागदावरचा हिशेब बघून ते म्हणाले, "चाळणी बारीक पाहिजे अन् पीठ बी भराभर पडलं पाहिजे, तर चाळणी मोठी करायची. त्यात काय?" त्यांनी जाळीसाठी नेहमीपेक्षा कितीतरी मोठी पेटी केली आणि जाळ्या सरळ न ठेवता कौलारू छपरासारख्या तिरप्या बसवल्या. तेवढ्याच जागेत जाळीचं अंग दुपटीहून जास्त झालं. पंख्यावर ताण आला नाही. कडांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या लावल्या, कारण हवा माणसासारखीच असते, फट दिसली की रांग सोडते.

दिवाळीनंतर नसरीन सनाला घेऊन आली. तो हिवाळा त्या घराचा फार छान गेला. मी जाळी बघायला गेलो की सना हॉलच्या फरशीवर रांगताना दिसायची आणि बडी अम्मा तिच्यामागं उकिडवी फिरताना. गफूरशेठ मोंढ्यात लोकांना सांगायचे की माझ्या घरातली हवा महाबळेश्वरची आहे. मला तीन नवी कामं त्यांच्या तोंडून मिळाली. मीही जरा ताठ चालायला लागलो होतो.

फाल्गुनात नवी हळद यायला लागली. मोंढ्याबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. गफूरशेठचा ड्रम दिवसभर फिरायला लागला.

एका दुपारी आरिफचा फोन आला. हॉलच्या छतातून पाणी गळत होतं आणि नसरीनला दवाखान्यात नेलं होतं. तिला एवढा दम लागला होता की बोलता येत नव्हतं. मी रज्जाकभाईंना घेऊन तसाच निघालो.

छतातलं पाणी म्हणजे वितळलेला बर्फ होता. जाळी गच्च भरली की हवा पुरेशी जात नाही, नळ्यांवर बर्फ धरतो आणि शेवटी तो वितळून खाली येतो. जाळी मी आदल्या आठवड्यातच नवी बसवली होती आणि ती दोन महिने जाईल असा अंदाज दिला होता. पेटी उघडली तर आतली जाळी पिवळी होऊन पापडासारखी कडक झाली होती. एवढी धूळ घरात येते कुठून, हे शोधत मी स्वयंपाकघरात गेलो. तिथं धूर बाहेर फेकणारा पंखा चालू होता. तो घरातली हवा बाहेर फेकायचा, आणि ती भरून काढायला घर फटीफटीतून बाहेरची हवा ओढायचं. मागच्या दाराखाली फरशीवर एक पिवळी रेघ उमटली होती, कुणी चुन्यानं आखावी तशी सरळ. त्या दारासमोर, अंगणापलीकडं ड्रम फिरत होता.

मी जाळी काढून मागच्या अंगणात आणली. खाली ठेवली तर फरशी पिवळी होईल म्हणून बडी अम्मानं जुनी पांढरी चादर अंथरली. तेवढ्यात गफूरशेठ दवाखान्यातून आले. नसरीनला ऑक्सिजन लावला होता, ती सावरत होती. ते घाबरलेले होते आणि घाबरलेला माणूस रागावतो.

"तुमी म्हणले होते हवा साफ व्हईल," ते मला म्हणाले.

मी आवाज चढवला नाही, पण मागंही सरलो नाही. चादरीवर जाळी उलटी करून आपटली. हळदीचा ढीग पडला. म्हणालो, "शेठ, हे सगळं तुमच्या घरातल्या हवेतून काढलं. जाळीनं तिचं काम केलं. पण तुमचा ड्रम जाळीपेक्षा जास्त काम करून राहिला."

बडी अम्मा चादरीजवळ बसली. तिनं त्या ढिगात बोट घातलं, चोळलं, बघितलं.

"उत्तमभाऊ, हे कितीक दिवसाचं हाय?" तिनं मला विचारलं.

"आठ दिवसांचं असंल."

तिनं बोट चादरीला पुसलं. मग म्हणाली, "मी ह्या घरात नांदायला आले तवापासून हा ड्रम हाय. माझ्या छातीत कोणती जाळी होती?"

गफूरशेठनी तिच्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्या प्रश्नाचा अर्थ त्यांना लगेच लागला नाही. तिनं तोंडावरचा पदर काढला. "मला बी खोकला हाय. रोज हाय. पाव्हण्यापुढं खोकू नये म्हणून पदर लावते. तुमाला वाटलं अदब हाय. मला बी वाटायचं, हळदवाल्याच्या घरात खोकला असायचाच, कुणाला काय सांगायचं."

आरिफ दवाखान्यातून आला तेव्हा आम्ही सगळे चादरीभोवतीच होतो. तिनं त्याला बसवलं आणि शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं. सुनेनं तोंड उघडलं म्हणून तिला बहाणेबाज म्हणाले, मी उघडलं नाही म्हणून मी गुणाची ठरले, असं ती म्हणाली. मग तिनं गफूरशेठना विचारलं की ड्रम हलवणार का. ते म्हणाले, हंगाम ऐन भरात आहे, आता हलवणं होत नाही, पुढल्या वर्षी बघू. तिनं मान हलवली आणि आत गेली.

दोन दिवसांनी नसरीन दवाखान्यातून सुटली आणि तिथूनच औरंगाबादला जायला निघाली. बडी अम्मा सनाला घेऊन तिच्याबरोबर गाडीत जाऊन बसली. सून माहेरी जाते हे हिंगोलीनं पाहिलं होतं. सासू सुनेच्या माहेरी राहायला जाते, हे कुणी पाहिलं नव्हतं. गल्लीला पंधरवडाभर दुसरा विषय पुरला नाही.

त्यानंतर गफूरशेठ एकदा माझ्या दुकानात आले. ते कधीच कुणाच्या दुकानात जायचे नाहीत, लोक त्यांच्या गादीवर यायचे. मी खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, मोठ्यातलं मोठं मशीन आणा, दोन पंखे लावा, थिएटरवाली जाळी लावा, पण ड्रम तिथंच राहील आणि घरातली माणसंही राहतील असं काही असेल तर सांगा.

ते काम मला मिळालं असतं तर माझ्या दुकानाचं त्या वर्षीचं सगळ्यात मोठं काम झालं असतं. आणि तसं मशीन बसवताही आलं असतं, खोटं कशाला बोलू. पण बडी अम्मा दिवसातून कितीदा मागचं दार उघडते, वाळवणं कुठं घालते, सना मोठी झाल्यावर कुठं खेळायला धावणार, हे मी पाहिलं होतं. माणसं काही जाळीच्या आत बसून जगत नाहीत.

मी म्हणालो, "शेठ, अशी जाळी मी विकू शकतो. पण अंगणात उभ्या माणसाला ती काही कामाची न्हाई. धूळ निघते तिथंच धरावी लागंल, न्हाई तर लांब न्यावी लागंल."

ते हळूच म्हणाले, "ड्रम डोळ्यासमोर पाहिजे म्हणून घरामागं ठेवला. डोळ्यासमोर ठेवला बराबर. ती मागच्या दारात खोकत होती, ते तेवढं दिसलं न्हाई."

त्यांनी हंगाम संपायची वाट पाहिली नाही. कळमनुरी रोडला त्यांची एक मोकळी जागा होती, तिथं ड्रम हलवला. त्या वर्षी त्यांचा थोडा माल मागं पडला, मोंढ्यात लोक हसले, पण ते मागं फिरले नाहीत. ड्रम हलवताना मी आणि रज्जाकभाई तिथं गेलो आणि मी शेठना म्हणालो, आता आलोच आहोत तर तिथं काम करणाऱ्यांचंही बघू. कारण ड्रमवरच्या बायांना कुठं हलवणार होतो आपण? रज्जाकभाईंनी ड्रमवर पत्र्याचं मोठं छत्र केलं. मी त्याला एक ओढणारा पंखा जोडला आणि पंख्याच्या दुसऱ्या टोकाला माणसाच्या उंचीच्या जाड कापडी पिशव्या बांधल्या. धूळ पिशवीत राहायची, हवा कापडातून बाहेर पडायची. एसीपेक्षा ते काम ओबडधोबड होतं, पण माझ्या हातून झालेल्या कामांत ते मी वर ठेवतो.

सगळी धूळ त्यात जायची असा दावा मी करणार नाही. माल ओतताना, काढताना उडायचीच. तरी फरक पडला. ड्रमवर कांताबाई नावाची एक बाई बरीच वर्षं काम करत होती. ती मला म्हणाली, "रोज नवरीवानी पिवळी होऊन घरी जात होते. आता लेकरू इचारतंय, आई, आज कामाला गेली न्हाईस का?"

बंगल्यातही बदल केले. मागच्या दाराला खालून रबराची पट्टी लावली. स्वयंपाकघराचा पंखा जेवढी हवा फेकतो त्याहून थोडी जास्त हवा दुसऱ्या जाळीतून गाळून मुद्दाम आत घेतली, म्हणजे घर फटींतून हवा ओढण्याऐवजी फटींतून बाहेर ढकलू लागलं. हे मी हैदराबादच्या दवाखान्यांत शिकलो होतो, हिंगोलीच्या घरात पहिल्यांदा केलं. सेंट्रल एसीची जाळी निवडायची म्हणजे नुसती जाळी निवडायची नसते. घराचा श्वास कुठून येतो आणि कुठं जातो, हे आधी बघायचं असतं.

आरिफ औरंगाबादला जाऊन तिघींना घेऊन आला. नसरीनला त्यानंतर दम लागलाच नाही असं नाही, पण दवाखान्यात न्यायची वेळ आली नाही. जाळ्या ती स्वतः बदलायची, आणि जुनी जाळी फेकण्याआधी उजेडात धरून बघायची. पुढं तिनं हिंगोलीतच एका शाळेत विज्ञान शिकवायला घेतलं.

बडी अम्माला नांदेडच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सांगितलं, थोडं सुधारेल, पण जे झालंय ते सगळं परत येणार नाही. तिला तोंडानं ओढायचं पंपाचं औषध लागलं, ते कायमचं राहिलं. त्या दिवशी गफूरशेठ माझ्याकडं येऊन बसले होते. तीस वर्षांची हवा कुठल्याही जाळीनं मागं जाऊन गाळता येत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही कळलं होतं.

पण बडी अम्मा रडत बसणारी नव्हती. पदर मात्र तिनं पुन्हा तोंडाला लावला नाही. पाहुण्यांसमोर खुशाल खोकायची, आणि कुणी दचकून पाहिलं की सांगायची, हळदीचा खोकला आहे, घाबरू नका, लागत नाही.

काही वर्षांनी कळमनुरीत गफूरशेठच्या पुतणीच्या सासरी नवं घर बांधलं. सरकीच्या तेलाचा धंदा असलेलं मोठं कुटुंब. त्यांना सगळ्या घराला एसी पाहिजे होता, म्हणून गफूरशेठनी माझं नाव दिलं. मी माप घ्यायला निघालो तर बडी अम्मा म्हणाली, मी बी येते, पोरीला भेटून हुईल. रस्त्यानं ती बाहेर बघत राहिली आणि कुठल्या शेतात काय पेरलंय ते मला सांगत राहिली.

त्या घरी आम्हाला नव्या बैठकीत बसवलं. घरातले पुरुष जमले. कुठल्या खोलीत झडप कुठं पाहिजे, छत केवढं खाली येईल, हॉलमध्ये जास्त गार करता येईल का, असं सगळं विचारून झालं. मीही उत्तरं दिली. बडी अम्मा पाणी पीत शांत बसली होती. बोलणं जरा थांबलं तसा तिनं पेला खाली ठेवला आणि घरच्या मोठ्या माणसाला विचारलं, "तुमच्या घरात खोकला कुणाला येतो?"

ते हसून म्हणाले, अल्लाच्या मेहेरबानीनं सगळे ठणठणीत आहेत. ती म्हणाली, "तुमाला न्हाई. आत इचारा."

ते जरा गोंधळले. मग बसल्या जागेवरून त्यांनी आतल्या दाराकडं तोंड करून विचारलं, कुणाला खोकला येतो का म्हणून. आतली भांड्यांची आदळआपट थांबली. मग चुलीपाशी भाकरी करणारी त्यांची म्हातारी आई ओल्या पिठाच्या हातानं दारात आली आणि म्हणाली, "मला येतो."

मुलगा जागेवरून उठला. "तुमाला? कधीपासून?"

"लई दिसांपासून," ती म्हणाली.

बडी अम्मानं तिच्यासाठी सोफ्यावर जागा केली आणि हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. मी बॅगेतून टेप काढला, हॉल सोडला आणि स्वयंपाकघरापासून मोजायला सुरुवात केली.